घुबडाला मारलेलं ढेकूळ

दिवस मावळला की आमच्या घरात कुणालाच नाव उरत नसे. हा कौसाआत्याचा नियम. कौसाआत्या माझ्या वडलांची थोरली बहीण. ऐन विशीत कुंकू पुसून माहेरी परत आली ती आमच्याच घरची झाली. तिचं म्हणणं असं, की रात्री कुणाला नावानं हाक मारली आणि ती झाडावरच्या घुबडानं ऐकली, तर ते नाव त्याच्या ध्यानात राहतं. मग ते रोज रात्री तेच नाव घोकत बसतं आणि त्या नावाचा माणूस खंगत खंगत मरतो. त्यामुळे कंदील लागला की माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते ‘घोंगडं’ होत, माय ‘परात’ होई, आत्या स्वतः ‘खुंटा’, आणि मी ‘गाडगं’. माय तशीही दादांचं नाव दिवसासुद्धा घेत नसे, पण नियम म्हणजे नियम. शाळेत हजेरीला मी ‘सुमन’ ऐकून ताठ मानेनं उभी राहायची आणि संध्याकाळी घरी येऊन ‘ए गाडगं, पाणी आण’ ऐकायची. कुत्र्याला मात्र रात्रीसुद्धा त्याच्याच नावानं बोलावत. त्याच्या जिवाची काळजी कुणी केलेली मला आठवत नाही.

आमचं गाव ताडकळसपासून चालत तासाभरावर. ऐंशीएक मेंढरं, दोन-चार शेरडं आणि पोटापुरतं रान. उन्हाळ्यात नांगरट झाली की लेंडीखतासाठी मेंढरं रानातच बसवायची, त्यांच्याभोवती जाळ्याची वाघूर लावायची आणि आम्ही सगळ्यांनी तिथेच उघड्यावर अंथरुणं टाकायची. माय तीन दगडांच्या चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापायची, आत्या अंबाडीच्या भाजीवर लसणाचं कढत तेल ओतायची, आणि तो चर्र आवाज झाला की मला भूक आवरत नसे. जेवणं उरकून भांडी पालथी पडली, की आत्याचे कान सुरू व्हायचे. ती उताणी पडून ऐकायची. टिटवी ओरडत माथ्यावरून गेली, तर ज्या दिशेला गेली त्या दिशेच्या गावात कुणीतरी जाणार. पिंगळा तीनदा बोलून थांबला तर लेकराला जपा. कुत्र्यानं तोंड वर करून गळा काढला तर त्याला पाणी दाखवायचं, हाकलायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेंढरांचा रवंथ एकदम थांबणं. ऐंशी तोंडं एकाच वेळी थांबली, की वाघुरीजवळून ‘कुणीतरी’ चाललंय असं समजायचं आणि श्वास धरायचा. मी इतका वेळ श्वास धरायची, की मेंढरांनी परत चघळायला सुरुवात केल्याचंही मला कळत नसे आणि शेवटी जीव घुसमटून खोकला यायचा.

या सगळ्यावर माझा काडीचाही विश्वास नाही, असं मी शाळेत सांगत असे. वर्गातल्या पोरींना मी घुबडाच्या डोळ्यांची शास्त्रीय माहिती द्यायची; ते उंदीर खातं, शेतकऱ्याचा मित्र आहे, वगैरे वगैरे. त्या डोळे मोठे करून ऐकायच्या. तीच मी दिवस कलला की परसाकडं जाताना आत्याचा पदर धरून जात असे. पुढं मी नर्स झाले, तीस-पस्तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, आणि एवढ्या वर्षांत टिटवी ओरडली म्हणून कुणी गेलेलं पाहिलं नाही. टिटवी न ओरडता मात्र पुष्कळ जण गेले. तरीसुद्धा आज माझ्या परभणीच्या घरामागच्या लिंबावर पिंगळ्याची जोडी आहे, आणि अंधार पडला की मी नातीला ‘ए बाळे’ म्हणते, नावानं हाक मारत नाही. तिनं विचारलं तर सांगते, लाडानं म्हणते गं.

मी दहावी पास झाले तेव्हा शाळेतल्या बाईंनी मला परभणीच्या नर्सिंगच्या प्रशिक्षणाचा अर्ज आणून दिला. सगळं त्यांनीच भरलं होतं. खाली पालकाची सही तेवढी राहिली होती. तो कागद मी माझ्या पत्र्याच्या पेटीत, परकराच्या घडीत ठेवला आणि दादांना विचारायचं उद्यावर टाकत राहिले. दादा मारकुटे नव्हते, ओरडणारेही नव्हते. ते गप्प असत, आणि त्या गप्पपणाला मी जितकी भ्यायची तितकी घुबडालासुद्धा भीत नव्हते. अर्ज द्यायला पाच दिवस राहिले असताना त्यांनीच भाकरी मोडता मोडता सांगितलं, “परवा गंगाखेडकडचे पाव्हणे यायलेत. सुमीला बगायला.” माय खुश झाली. उसाचं घर, एकुलता पोरगा. मी मान खाली घालून ताटातली मिरची खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं म्हणून खपवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ठरवलं, आज विचारायचंच. धीर यावा म्हणून आधी एका मेंढीसमोर तालीम करायला बसले. आमचा मुक्काम तेव्हा रानातच होता. बांधावर बाभळ होती, तिच्याखाली ती लंगडी मेंढी बांधलेली. मी तिच्यासमोर उभी राहून, हात मागं बांधून, वक्तृत्व स्पर्धेत म्हणावं तसं मोठ्यानं म्हणाले, “दादा, मी सुमन. मला शिकायचं आहे.” मेंढीनं शेपटी हलवली. मला ते काही समाधानकारक वाटलं नाही, म्हणून मी परत म्हणाले, अजून मोठ्यानं, “मी सुमन!” आणि वर बाभळीतून कुणीतरी घुमलं. पाहते तर घुबड. चांगलं थोराड, कानावर पिसांची शिंगं उभारलेली, आणि सरळ माझ्याकडं बघणारं. दिवस नुकता मावळला होता. माझं नाव मीच त्याच्या कानात दोनदा घातलं होतं.

माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. भीतीनं माणूस पळतो असं म्हणतात, मी मारायला उठले. हाताला लागलं ते उचललं आणि भिरकावलं. फांदीवर धप्प आवाज झाला, घुबड पंख पसरून आवाज न करता दक्षिणेकडं, म्हणजे गंगेच्या दिशेनं, गेलं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. आणि ते दिसेनासं झाल्यावर मला आत्याचं दुसरं वाक्य आठवलं. घुबडाला कधी दगड मारायचा नाही. ते तो दगड चोचीत धरून नदीवर नेतं आणि रोज पाण्यात बुडवून घासतं. दगड जसा झिजत जातो, तसा मारणारा झिजत जातो. दगड संपला की माणूस संपला.

ज्यांच्या रानात दगडधोंडे आहेत त्यांना या नियमात बरीच सवड मिळते. चांगला काळा कातळ मारला तर नातवंडंसुद्धा बघून होतात. पण आमचं रान काळंभोर, हातभर खोल माती. तिथं दगड औषधालासुद्धा सापडत नाही. मी मारलं होतं ते नांगरटीचं ढेकूळ. आणि ढेकूळ पाण्यात घातलं तर किती वेळ टिकतं, हे शेतकऱ्याच्या पोरीला कुणी सांगायला नको. मग सुचलं, घुबडानं ते नेलंच नसेल तर? ढेकूळ इथंच पडलेलं सापडलं, तर मी वाचले. म्हणून मी बाभळीखाली रांगत माझं ढेकूळ शोधायला लागले. सबंध रान ढेकळांचं. एकेक उचलून बघायची, हे माझं का, ते माझं का. दहावीला विज्ञानात पहिली आलेली मुलगी ढेकळं हुंगत होती, हे त्या मेंढीशिवाय कुणी पाहिलं नाही, हे माझं नशीब.

चुलीपाशी येऊन मी आत्याला शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “आत्या, घुबडाला दगडाच्या जागी ढेकूळ मारलं तर काय होतं गं?”

“कोणी मारलं?”

“शाळेतल्या एका पोरीनं.”

आत्यानं भाकरी उलटली आणि एखाद्या जुन्या वकिलासारखा विचार केला. असा खटला तिच्यापुढं पूर्वी आला नसावा. “कोरडं का ओलं?”

“कोरडं. लय कडक.”

“मंग दोन-चार बुड्या निघतील. पहाटंपस्तोर कळंल.” आणि भाकरी टोपल्यात टाकून म्हणाली, “तिच्या मायला जाऊन सांग बरं, लेकराला एकटं निजवू नका म्हनावं.”

पहाटेपर्यंत. मला घास जाणार नाही असं वाटलं होतं, पण मी तीन भाकरी खाल्ल्या. शेवटचंच जेवण आहे तर, असा विचार केल्याचं मला स्पष्ट आठवतं. मग अंथरुणावर पडले आणि झिजायला सुरुवात झाली. आधी पाय हलके झाले. मग हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. त्या मायच्या होत्या आणि पहिल्या दिवसापासूनच मला सैल होत्या, पण त्या क्षणी ते कुठलं आठवायला. नाडी मोजली. नाडी कशी मोजतात हे बाईंनीच शिकवलं होतं, पण मी घाबरून मनगटाची चुकीची बाजू दाबत होते आणि तिथं काहीच लागत नव्हतं. म्हणजे जवळजवळ संपलंच होतं. पुढं मी शेकडो पोरींना नाडी बघायला शिकवलं आणि दर वेळी पहिल्यांदा ही चूक दाखवली. ती चूक मला कशी सुचली हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

आणि तिथं पडल्या पडल्या मला पहिल्यांदा एक साधी गोष्ट कळली. मरणारच आहे तर दादांना भ्यायचं कशाला? मी उठले. पेटी रानातच आणलेली होती. अर्ज काढला आणि वाघुरीच्या पलीकडं दादा जागलीवर बसले होते तिकडं चालत गेले.

“कोण हाय?” दादा अंधारातून म्हणाले.

एवढ्या गंभीर प्रसंगी मला म्हणावं लागलं, “गाडगं.”

मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. की मी घुबडाला ढेकूळ मारलंय. की मी पहाटंपर्यंतच हाय. की मागच्या साली ते कोकरू लांडग्यानं नेलं तेव्हा मी राखायचं सोडून गोष्टीचं पुस्तक वाचत होते. की मला एवढ्यात लगीन करायचं न्हाई, मला नर्स व्हायचंय, बाईंनी अर्ज भरलाय, पाच दिवसांपासून परकरात हाय, आता काय उपेग न्हाई पन तुमाला ठावं असावं म्हनून सांगायलेय. एवढं बोलून मला मोठ्यानं रडू फुटलं. मरणाचं रडू नव्हतं ते. आपल्याला काय हवंय ते आपण जन्मात पहिल्यांदा बोललो, त्याचं होतं.

दादांनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारलं, “लागलं का त्याला ढेकूळ?”

“न्हाई वाटतं.”

“मंग पयलं नेम धरायला शिक.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात किती जड होता ते मला अजून सांगता येईल. “हे बग सुमे. पाव्हण्याला शब्द दिलाय, उद्या ते येनार. म्या त्यांला येऊ नका म्हनू शकत न्हाई. ते हौ म्हनले तर तुझं लगीन. न्हाई म्हनले तर तुझा कागद. आन् आदी पहाटंपस्तोर जिती राहा, मंग बगू.”

रात्रीच्या वेळी त्यांनी मला नावानं हाक मारली होती, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पलीकडच्या अंथरुणावर आत्या जागी होती, तिच्या ध्यानात आलं असणार. तिनं फक्त कूस बदलली.

पहाट झाली. मी जिवंत होते आणि मला प्रचंड भूक लागली होती. खरं सांगायचं तर थोडी निराशाही झाली. आदल्या रात्री एवढं सगळं बोलून ठेवलं होतं ते मरणाच्या भरवशावर, आणि आता त्याच तोंडानं चहा प्यायचा होता. दुपारी आम्ही गावातल्या घरी आलो, मायनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला, मला हिरवं लुगडं नेसवलं. पाहुणे आले. मुलाची आई, मामा आणि मुलगा. माणसं वाईट असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती, पण ती चांगली होती. मुलाचे डोळे माझ्यापेक्षा सुंदर होते. त्याच्या आईनं मला जवळ बसवून घेतलं, केस बघितले, आणि सुशील्याची चव घेऊन मायला म्हणाली, “पोरगी आमच्या घरात शोभती बगा.” मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. दादा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. सगळं ठरल्यातच जमा होतं.

शुभकार्याच्या वेळी कौसाआत्या समोर येत नसे. विधवेनं यायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. ती आपण होऊन मागच्या दारी जाऊन बसे. त्या दिवशी सुपारी फोडायची म्हणून मामानं अडकित्ता मागितला, आणि तो घेऊन आत्या आली. मोकळं कपाळ, पदर डोक्यावरून खाली आलेला. माय दचकली. आत्या बैठकीच्या मधोमध येऊन उभी राहिली, तिनं अडकित्ता खाली ठेवला, आणि एकदम एक हात वर करून म्हणाली, “ऐका.”

सगळे थांबले. मला काहीच ऐकू आलं नाही. लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू होती.

“टिटवी,” आत्या म्हणाली. “बरोबर आपल्या घरावरून गेली. दिवसाढवळ्या.”

“म्या न्हाई ऐकली,” मुलाचा मामा म्हणाला.

“तुमी ऐकनार न्हाई पाव्हणं. ज्याच्यावर गेलीय त्यालाच येती ऐकू. माझ्या सुपारीच्या येळंला बी आशीच गेली होती, मला एकलीलाच ऐकू आली. म्या गप बसले. दोन सालांत माझं हे झालं.” तिनं आपल्या कपाळाला बोट लावलं. “म्हनून आज बोलले. तुमी बी लेकराची माय हाव.”

मुलाची आई आत्याच्या कपाळाकडं बघत राहिली. मग तिनं आपल्या मुलाकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला तो मला विसरता येत नाही. चहा त्यांनी घेतला. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “पोरी, तुझ्यात काय उणं न्हाई बग.” आणि कळवतो म्हणून गेली. दोन दिवसांनी नकार आला. दादांनी आत्याला एकदाच विचारलं, “आक्का, खरंच वरडली का गं?” ती म्हणाली, “तुझे कान मेंढरं राखून बुजलेत.” दादांनी कागद पुढं ओढला आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर नांगरल्यासारखं, सही केली. शेवटच्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर एसटीनं परभणीला आले. जागा असूनही ते सबंध वाट उभेच राहिले.

मला त्या सगळ्या प्रकारात माझ्या शौर्याचा फार मोठा वाटा वाटत असे. मरणाच्या दारातून मी कशी बोलले, ही गोष्ट मी वसतिगृहात रंगवून सांगितली, पुढं नवऱ्याला सांगितली, मुलांना सांगितली. टिटवीचा भाग मी शेवटी हसण्यासाठी ठेवायची. आत्याला भास झाला आणि माझं भलं झालं, असं माझं मत होतं. ती आपल्या टिटव्यांबद्दल कधी खोटं बोलेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाची शपथ खोटी घेणारे लोक मी पाहिलेत, पण आत्या आणि खोटी टिटवी, हे शक्यच नव्हतं.

बावीस वर्षांनी आत्या माझ्याकडं परभणीला होती. छातीत पाणी झालं होतं, तिला टेकवून बसवावं लागे. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते, तेव्हा तिनं चमचा बाजूला सारला.

“सुमे, त्या दिशी टिटवी वरडली न्हवती.”

मी हसले. “मंग बरंच झालं की गं आत्या.”

ती हसली नाही. मग थांबत थांबत, दम खात तिनं सांगितलं. खोटा अपशकून तोंडातून काढला की तो काढणाऱ्यावरच उलटतो, हे तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. कधी उलटेल ते सांगता येत नाही, पण रात्रीच येतो आणि निजलेल्याला नेतो. त्या दिवशी पाहुणे गेले, आणि त्या रात्रीपासून ती तुळशीचं पान तोंडात धरून निजायला लागली. मरताना तोंडात तुळस असावी म्हणून. आपण एकटी, रात्री कुणी शेजारी नसलं तर कोण घालणार? मेंढरांत असली तर पदराला बांधून न्यायची. इथं माझ्या घरी आल्यावरही कुंडीतलं रोज एक पान तोडत होती, आणि मी नातेवाइकांना कौतुकानं सांगत होते, की आत्या भजनाला लागली.

मी एक रात्र मरायला बसले तर बापाला उठवून रडले आणि त्या एका रात्रीवर जन्मभर बढाया मारल्या. ती बावीस वर्षं रोज बसत होती. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. थोड्या वेळानं, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “आन् सकाळी गं आत्या? सकाळी जाग आली की काय वाटायचं?”

“काय वाटायचंय,” ती म्हणाली. “पान थुकायचं आन् चूल पेटवायची.”